निळ्या दिव्याच्या बंगल्यातली सासू

पुस्तकाबद्दल लिहिताना त्यातली गोष्ट सांगावी की सांगू नये, या प्रश्नावर आमच्या यवतच्या वाचनालयात एक ठराव झालेला आहे. ठराव क्रमांक सात. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. असा ठराव झालेलं दुसरं गाव कुणाला माहीत असेल तर जरूर कळवावं. त्या ठरावाला कारणीभूत झालेल्या माणसाला मी स्वतः जाऊन भेटेन आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवेन. आमच्याकडचा तो माणूस मी आहे आणि माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला नाही.

मी दौंडला कालव्यांच्या सरकारी कार्यालयात कारकून. त्यामुळे गावात सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. माझं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच असतं. सव्वीस वर्षं मी टिपण्या लिहिल्या. टिपणीचं एक शास्त्र असतं. आधी विषय, मग संदर्भ, मग प्रकरणाचा गोषवारा, मग अभिप्राय आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. यातला गोषवारा महत्त्वाचा. अभिप्राय नसला तरी साहेब सही करतात, पण गोषवारा नसला तर फाइल शेरा मारून परत येते. कालवा कुठून निघतो, कुठं फुटला, कुणाच्या उसात पाणी शिरलं, हे शेवटापर्यंत सांगितल्याशिवाय मत द्यायचं नसतं. ही शिस्त माझ्या हाडात मुरली आहे. बायकोनं ‘भाजी कशी झाली’ असं विचारलं तरी मी आधी भाजी कोणती होती ते सांगतो.

दोन हजार आठ साली सबाताईनं मला ब्लॉग काढून दिला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. सबाताई म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल इनुसभाई यांची सून. आधी तिचा टायपिंगचा क्लास होता, आता त्याच खोलीत तीन कॉम्प्युटर ठेवून तिनं नेट कॅफे चालवला होता. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीत असल्यानं पुस्तकं माझ्या वाचनात पुष्कळ. ती म्हणाली, तुम्ही एवढं वाचता तर त्यावर नेटवर लिहा, जगात कुठंही वाचतील. ‘जगात कुठंही’ हे शब्द ऐकल्यावर मी घरी जाऊन दाढी केली.

ब्लॉगचं नाव ठेवलं ‘पुस्तकटिपणी’. पहिल्या आठवड्यात चौदा जणांनी भेट दिली. त्यातल्या नऊ भेटी माझ्याच होत्या असं सबाताईचं म्हणणं, पण उरलेले पाच कोण होते हे ती सांगू शकली नाही. परीक्षणं मी शास्त्राप्रमाणे लिहीत होतो. विषय: अमुक कादंबरी. संदर्भ: वाचनालयाचा दाखल क्रमांक. मग दोन पानं गोषवारा, पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, आणि मग एका ओळीत अभिप्राय, की कादंबरी वाचनीय आहे.

सबाताई ते टाइप करताना थांबायची. “भाऊसाहेब, सगळंच सांगितल्यावर माणूस वाचंल कशाला?”

मी तिला समजावलं, की गोषवाऱ्याशिवाय अभिप्राय म्हणजे जागा न पाहता पंचनामा. तिनं पुढं टाइप केलं, पण चेहऱ्यावरून तिला पटलेलं दिसत नव्हतं.

गल्लीतून सल्ले यायला लागले. किराणा दुकानदाराचं म्हणणं, गोष्ट अजून सविस्तर लिहा, म्हणजे त्याला पुस्तक आणायला नको. शेजारच्या पुतळाबाईंचं मत वेगळं. त्या म्हणाल्या, शेवट दुःखाचा असेल तर तेवढाच आधी सांगावा, म्हणजे आपण ते पुस्तक हातात घ्यायचं नाही. माझी बायको अनिता हिनं सल्ला दिला नाही. ती त्या दिवसांत वाचनालयातून आणलेली ‘मागच्या दारची जाई’ नावाची कौटुंबिक कादंबरी वाचून संपवून वैतागली होती. दोन जावांची चांगली गोष्ट चाललेली, त्यात मध्येच कोण एक इन्स्पेक्टर येतो, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि एकाला बेड्या घालून नेतो, अशी तिची तक्रार. मी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, की आधुनिक साहित्यात असं असतं. हे वाक्य मला पुढं फार वेळा आठवलं.

आता मारुतराव आबांबद्दल सांगायला हवं. आबा कासुर्डीचे. चांगली बागायत, एकेकाळी सोसायटीचे चेअरमन, आणि रहस्यकथांचे असे वाचक की बाजारच्या दिवशी ऊसतोड चालू असली तरी एम-एटी मोपेडवरून वाचनालयात हजर. चौदा वर्षं आमचा एक शिरस्ता होता. आबा दिवसाला दहाच पानं वाचायचे. बरोबर शंभराव्या पानावर पुस्तक मिटायचे, एका चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचे, चार घड्या घालायचे आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायला द्यायचे. पुस्तक संपलं की हायवेच्या कडेच्या हॉटेलात आम्ही चहा घ्यायचो आणि चिठ्ठी उघडायचो. नाव बरोबर निघालं तर आबा दुसरा चहा सांगायचे. चुकलं तर लेखक कसा चुकला ते सांगायचे, आणि त्यालाही दुसरा चहा लागायचाच. मी चिठ्ठी कधी आधी उघडून पाहिली नाही. सरकारी नोकरीत माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता, हे मी उघडपणे सांगतो.

वाचनालयात ‘निळ्या दिव्याचा बंगला’ नावाची जुनी रहस्य कादंबरी होती. पानं सुटली म्हणून दोन वर्षं कपाटात पडून होती. मग तपासणी जवळ आली तेव्हा अशी पंचवीस-तीस खिळखिळी पुस्तकं बाइंडिंगला काढली. इनुसभाई ग्रंथपाल, शिपाई आणि बाइंडर तिन्ही. सुट्या पानांचे गठ्ठे लावून द्यायचं काम मी मागून घेतलं, कारण पृष्ठांकन तपासणं हा माझा धंदा. एका बाजूला पुस्तकांचे पुढचे अर्धे भाग, दुसऱ्या बाजूला मागचे, आणि पान क्रमांक जुळले की गठ्ठा बांधायचा. दोन तासांत सगळं उरकलं. इनुसभाईंना त्यासाठी चार दिवस लागले असते, असं मी तेव्हा अनिताला म्हणालो होतो.

बाइंडिंग होऊन आलेला ‘बंगला’ सगळ्यात आधी मी नेला. कार्यकारिणीच्या माणसाला एवढा हक्क असतो. पहिली एकशे शहात्तर पानं मी श्वास रोखून वाचली. बंगल्यात डॉक्टरांचा खून, पाच संशयित, निळा दिवा कुणीतरी विझवलेला. एकशे सत्त्याहत्तराव्या पानावर एकदम एक सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी दचकलो, पण सावरलो. पुढं दोन जावा भांडल्या, जाईच्या वेलावरून बोलणी झाली, आणि शेवटी सासूबाईंनी सगळ्यांना पोटाशी धरून ‘जे झालं ते झालं’ म्हटलं. खुनाचा उल्लेख कुठं नाही. मी दोन दिवस विचार केला आणि माझी खात्री पटली की हे फार मोठं पुस्तक आहे.

परीक्षणात मी लिहिलं: “खुनी सापडत नाही, आणि सापडू नये हीच लेखकाची भूमिका आहे. पृष्ठ १७७ पासून इन्स्पेक्टर दिसत नाहीत. हे तपासयंत्रणेवरील मार्मिक भाष्य होय. पात्रांची नावेही बदलतात. दुःख माणसाला किती बदलते, याचे हे द्योतक आहे. अखेर सासूबाई सर्वांना क्षमा करतात व जाईला फुले येतात. अभिप्राय: धाडसी. आदेशार्थ सादर.”

सबाताईनं ते टाइप करून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, जगाला थोडा वेळ लागेल.

जगापर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. मी प्रिंट काढली आणि वाचनालयाच्या फळ्यावर चार टाचण्या मारून लावली. ही सगळ्यात मोठी चूक. कारण ‘बंगला’ तेव्हा आबांकडं होता, शंभर पानं वाचून झाली होती आणि चिठ्ठी माझ्या खिशात होती. बाजारच्या दिवशी आबा आले, चष्मा लावला आणि फळ्यापुढं उभे राहिले. मी टेबलाशी बसून शाबासकीची वाट बघत होतो.

आबा बराच वेळ वाचत राहिले. मग पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी इनुसभाईंपुढं ठेवलं.

“जमा करून घ्या.”

“संपलं व्हय आबा?” इनुसभाईंनी विचारलं.

“मला न्हाई संपवाय लागलं. भाऊसाहेबांनी संपवलं.” मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, “चौदा वर्सं तुमच्या खिशात चिठ्ठी ठिवली, भाऊसाहेब. तुमी फळ्यावर लावली.”

चिठ्ठी मी लावलेली नाही, लावलं ते परीक्षण आहे, असा खुलासा माझ्या तोंडात आला होता. पण तोवर एम-एटी सुरू झाली होती. आबा रागावून ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून आबा बोलेनात. हॉटेलात माझ्याकडं पाठ करून बसायचे. चहावाल्यालाही अवघड झालं. त्याला चौदा वर्षांची सवय, तो दोन कप एकाच टेबलावर आणायचा आणि मग एक उचलून न्यायचा. माझ्या खिशात चार घड्यांची चिठ्ठी तशीच होती. रोज शर्ट बदलताना मी ती नव्या खिशात ठेवायचो.

प्रकरण कार्यकारिणीपुढं गेलं. अध्यक्ष बाळासो यांनी मला लेखी खुलासा मागितला. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून खुलासे मागवले आणि आता स्वतः लिहायला बसलो. नऊ पानं झाली. बाळासो म्हणाले, एवढं कोण वाचणार, एका पानात गोषवारा द्या. मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

बैठकीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, नेटवर लिहिणाऱ्यानं गोष्टीला हातच लावू नये. दुसऱ्याचं म्हणणं, गोष्ट नाही सांगितली तर मग तो काय पुठ्ठ्याचं वर्णन करणार का. भांडगावचे एक सभासद तर म्हणाले की त्यांच्या आईला दिसत नाही, तिला माझी परीक्षणं वाचून दाखवतात आणि तेवढ्यावर तिचं पुस्तक होतं, तेव्हा गोष्ट बंद करू नका. हे वाक्य इतिवृत्तात घ्यावं, अशी मी सूचना केली. मग ठराव झाला: “परीक्षणात कथानक निम्म्याहून अधिक असू नये, व खून असल्यास खुनी अजिबात असू नये.” मी नम्रपणे निदर्शनास आणलं की माझ्या परीक्षणात खुनी नव्हताच, हाच तर वाद आहे. बाळासोंनी पुढचा विषय घेतला. छपराचे पत्रे.

ठरावानं आबा काही बोलायला लागले नाहीत. गल्लीनं पुन्हा सल्ले दिले. कुणी म्हणालं माफी मागा, कुणी म्हणालं दुसरी रहस्यकथा भेट द्या. पुतळाबाई म्हणाल्या, त्यांच्या मळ्यात जाऊन चार दिवस भुईमूग उपटा, माणूस विरघळतो. मी एक रविवार तेही करायला निघालो होतो, पण कासुर्डी फाट्यावर आबाच समोरून आले आणि मी काही खरेदीला आल्यासारखा टायरच्या दुकानात शिरलो. माझ्याकडं सायकलसुद्धा नाही.

अशात एक दिवस सबाताईचा निरोप आला की ब्लॉगवर कुणीतरी लिहिलंय. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सोलापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं: “महोदय, ही कादंबरी मी सहा वेळा वाचली आहे. तीत सासू नाही.”

मी त्याला कार्यालयीन उत्तर दिलं. आपण आवृत्तीचा तपशील न देता आक्षेप नोंदविला आहे, सबब तो विचारात घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आवृत्ती आणि वर्ष कळवलं, ते आमच्याच प्रतीचं होतं, आणि खाली लिहिलं: “जाईसुद्धा नाही. आपली प्रकृती बरी आहे ना?”

हा अपमान मी घरी येऊन अनिताला मोठ्यानं वाचून दाखवला, सहानुभूतीसाठी. ती गवार मोडत होती. जाईचं नाव ऐकून तिचा हात थांबला.

“कुठली जाई?”

“बंगल्यातली. सासूबाईंच्या मागच्या दाराची.”

“अहो, ती माझी जाई आहे.” तिनं गवार बाजूला ठेवली. “माझ्या पुस्तकात पहिल्या पानावर दोघी जावा ती लावतात. तिला फुलं कधी येतात म्हणून मी वाट बघत बसले, तर आला तो मेला इन्स्पेक्टर.”

मी चप्पल घालून तडक वाचनालय गाठलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या घाईनं कुठं गेलो नव्हतो, ऑडिटलासुद्धा नाही.

वाचनालयात इनुसभाईंनी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकाच प्रकाशकाची, एकाच मापाची, एकाच टाइपातली, आणि दोन्हींचा कणा एकशे शहात्तराव्या पानावरच तुटलेला. दोघांची धडं अदलाबदल झालेली. मी घसा खाकरून म्हणालो, की बाइंडिंग करताना जरा लक्ष द्यायला हवं होतं.

इनुसभाई उठले. त्यांनी खणातून पत्र्याचा डबा काढला. बाइंडिंगला आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबरची चिठ्ठी ते जपून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. त्यातून एक त्यांनी माझ्यापुढं सरकवली. माझ्याच अक्षरात, ठळक, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: ‘पृष्ठांकन तपासले. बरोबर आहे.’ खाली माझी पूर्ण सही, तारखेसह.

“आकडं बराबरच हायेत, भाऊसाहेब,” इनुसभाई म्हणाले. “एकशे शहात्तर आन् म्होरं एकशे सत्त्याहत्तर. मी तरी काय बोलणार? तुमची सही हाय म्हटल्यावर मी आत बगितलंच न्हाई.”

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण ती दुभंगायच्या आत माझ्या डोक्यात दुसराच विचार आला आणि मी खुर्चीवरून उठलो. मी फळ्यावर जो शेवट लावला होता, तो ‘बंगल्या’चा नव्हताच. आबांचा शेवट अजून कुणी फोडलेला नव्हता. मी चुकलो होतो म्हणून तो वाचला होता.

पुतळाबाईंच्या नातवाची सायकल मागून घेऊन मी कासुर्डी गाठलं. आबा मळ्यात बांधावर बसले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी धापा टाकत उभ्याउभ्या सगळं सांगितलं, विषय, संदर्भ, गोषवारा काही न पाळता, उलटसुलट. सहीचंसुद्धा सांगितलं. माझ्या चुकीसाठी हात जोडले. आबांनी बांधावरचं एक तण उपटलं.

“म्हंजी खुनी हाय?”

“आहे, आबा.”

“तुमाला ठावं हाय?”

“नाही. मी वाचलेलंच नाही. आमच्या हिला माहीत आहे.”

“त्यांनी तुमाला सांगितलं न्हाई?”

“नाही.”

“शाणी हाय वयनी,” आबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघून हसले. मग त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं हात मिळवायचाय. पण ते म्हणाले, “चिठ्ठी?” मी खिशातून काढून दाखवली. चार घड्या तशाच. “ठिवा. अजून शंभराच्या म्होरं जायचंय मला.”

इनुसभाईंनी दोन्ही पुस्तकं सोडवून पुन्हा शिवली, या वेळी आत बघून. ‘जाई’चा शेवट ऐकायला भांडगावच्या त्या सभासदाची म्हातारी आई पहिल्या नंबरावर होती. अनितानं तिला ‘जाई’ स्वतः वाचून दाखवली, आणि दोघी म्हणे शेवटाला रडल्या. ‘बंगल्या’साठी एवढी मागणी कधी नव्हती. सासूचा बोभाटा गावभर झाल्यामुळे खरं काय आहे ते सगळ्यांनाच वाचायचं होतं. गोष्ट सांगितल्यानं वाचक कमी होतात म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. शिवाय मी गोषवारा लिहिला नसता, नुसतं ‘वाचनीय’ म्हणून सोडलं असतं, तर ही चूक कधी उघडकीला आलीच नसती. हा मुद्दा मी बैठकीत मांडला. बाळासोंनी तो ऐकून घेतला आणि ‘बंगल्या’च्या प्रतीक्षायादीत माझं नाव सगळ्यात शेवटी टाकलं, अकरावं. कार्यकारिणीचा हक्क तात्पुरता स्थगित.

पुढच्या महिन्यात आबा घरीच आले. ‘बंगला’ संपला होता. अनितानं चहा टाकला. मी चिठ्ठी काढून दिली. आबांनी घड्या उलगडल्या, वाचलं आणि चिठ्ठी अनिताकडं दिली. तिनं वाचली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि इतकं हसले की अनितानं पदरानं डोळे पुसले. मी दोघांच्या तोंडाकडं बघत बसलो. माझ्या स्वतःच्या घरात खुनी कोण हे माहीत नसलेला मी एकटाच होतो.

“बरोबर निघालं का चुकलं, एवढं तरी सांगा,” मी म्हणालो.

आबांनी चिठ्ठीच्या चार घड्या पुन्हा घातल्या, बोटांनी दाबल्या, आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. “तुमचा नंबर आला, पुस्तक संपलं, की उघडा. मंग हाटेलात या, चहा माझा.”

ब्लॉगवर मी सुधारित टिपणी टाकली. विषय: निळ्या दिव्याचा बंगला. गोषवारा: निरंक. अभिप्राय: वाचनालयात जावे. सोलापूरच्या मास्तरांनी खाली लिहिलं, “आता प्रकृती सुधारलेली दिसते.”

हे लिहितो आहे तेव्हा माझा नंबर चौथा आहे. चिठ्ठी खिशात आहे. शर्ट धुवायला टाकायच्या आधी अनिता रोज विचारते, “काढली का?” आणि मी ती काढून दुसऱ्या खिशात ठेवतो, न उघडता.